लांबच्या उपनगरात घर घेताना घरातल्या वृद्धांचा विचार

डॉक्टरांना माणसे केवळ आजारांविषयीच विचारतात असे नाही. गेली सत्तावीस वर्षे मी कल्याणात दवाखाना चालवीत आहे. रक्तदाब मोजून झाला, चिठ्ठी लिहून झाली, की उठता उठता एक प्रश्न हळूच पुढे येतो, "डॉक्टर, बदलापूरला टू बीएचके बघतोय. आईला तिथली हवा मानवेल ना?" विचारणारा बहुधा चाळिशीतला असतो. गिरगाव, लालबाग किंवा परळची पागडीची खोली सोडून, किंवा डोंबिवलीतले वन रूम किचन विकून, त्याला थोडे मोठे घर घ्यायचे असते. मुलीला अभ्यासाला खोली हवी असते, आईला स्वतःची खाट हवी असते, आणि मुंबईत ते परवडत नाही. त्याचे काही चुकत नाही. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आणि पुढच्याच वर्षी कल्याणला आगगाडी आली, तेव्हापासून मुंबईत काम आणि मुंबईबाहेर बिऱ्हाड हा आपल्याकडचा रिवाजच होऊन बसला आहे.

हवा मानवेल का, हा प्रश्न मात्र सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. हवा बहुधा मानते. मानत नाहीत त्या दुसऱ्याच गोष्टी, आणि त्या घराच्या जाहिरातीत नसतात. स्थानकापासून अंतर किती, कर्जाचा हप्ता किती, शाळा कोणती, इतके विचारून झाले की घर पाहणे संपते. वृद्ध माणूस त्या हिशेबात ‘आईबाबांसाठी एक बेडरूम’ एवढ्यापुरताच असतो. वस्तुतः त्या घरात दिवसाचे चोवीस तास काढणारी व्यक्ती तीच असते. बाकीचे सारे तेथे झोपायला येतात.

म्हणून आज मी आपल्याशी, म्हणजे स्वतः वृद्ध असलेल्या आणि वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या वाचकांशी, घराच्या जागेविषयी बोलणार आहे. उदाहरणे मध्य रेल्वेच्या पट्ट्यातली आहेत, कारण तो मी रोज पाहते. वसई-विरार, पनवेल किंवा पुण्याच्या आसपास घर शोधणाऱ्यांनी नद्यांची आणि स्थानकांची नावे बदलून वाचावे.

तेरा तासांचा हिशेब

प्रथम प्रवासाचे तास मोजावेत. कल्याणहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जलद लोकलने तासाहून थोडा अधिक वेळ लागतो, बदलापूरहून सुमारे दीड तास, कर्जतहून दोन तास किंवा त्याहून जास्त. हे गाडीतले तास झाले. घरातून स्थानकापर्यंतची रिक्षा, तिच्यासाठीची रांग, फलाटावर सोडून दिलेली एखादी गच्च गाडी, आणि उतरल्यावर कचेरीपर्यंतची बस हे सारे त्यात मिळवा. बदलापूरहून फोर्टला नोकरीला जाणारा मुलगा सकाळी सातला बाहेर पडतो आणि रात्री साडेआठला घरात येतो. सूनही नोकरी करणारी असेल तर तिचेही तसेच. नातवंडे शाळेत आणि शिकवणीला. म्हणजे घरातली वृद्ध व्यक्ती सुमारे तेरा तास एकटी, किंवा दुसऱ्या एका वृद्ध व्यक्तीच्या भरवशावर असते.

या तेरा तासांत काय काय येते ते पाहा. सकाळची मधुमेहाची गोळी आणि तिच्यानंतर वेळेवर नाश्ता. दुपारचे जेवण, कित्येकांच्या बाबतीत जेवणापूर्वीचे इन्शुलिन. काचबिंदूचे थेंब. दोनदा तरी स्नानगृहात जाणे. माझ्या एका रुग्ण आजींची गोष्ट सांगते. वय ७८, मधुमेह वीस वर्षांचा. नव्या घरी आल्यावर सकाळी गोळी घेतली. पण स्वयंपाकाची बाई आली नाही, आणि मुलाला कामावर असताना फोन करायचा संकोच वाटला म्हणून त्या चहा-बिस्किटावर राहिल्या. दुपारी चारला शेजारीण सहज डोकावली तेव्हा त्या घामाने निथळत होत्या, बोलणे अडखळत होते. शेजारणीने समयसूचकतेने साखरपाणी पाजले. शुद्ध हरपलेली असती तर तेही करता आले नसते, कारण बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये. आजी वाचल्या.

त्यानंतर मी त्यांची औषधे बदलली. रक्तातील साखर एकाएकी उतरवण्याचा धोका कमी असलेली, दिवसातून एकदाच घ्यायची औषधे दिली. आणि हेच मला आपल्याला सांगायचे आहे, की घर आणि कचेरी यांमधले अंतर वाढले की डॉक्टरांना औषधे बदलावी लागू शकतात. घर बदलण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन सरळ सांगावे, ‘यापुढे दिवसभर आई एकटी असणार आहे.’ हे वाक्य ऐकल्यावर कोणत्या गोळ्या ठेवायच्या, कोणत्या रात्रीवर ढकलायच्या आणि साखर किती घट्ट धरायची याचा विचार ते वेगळ्या प्रकारे करतील. गोळ्या स्वतःच्या मनाने मात्र पुढेमागे करू नयेत.

शुश्रूषा करणाऱ्यांचेही पाहावे. दिवसाचे चार-पाच तास प्रवासात घालवून आलेली सून रात्री सासऱ्यांना दोनदा लघवीला उठवते आणि पहाटे पाचला पुन्हा डबा करायला उभी राहते. अशा स्त्रिया माझ्याकडे पाठदुखी घेऊन येतात. पाठीत फारसे काही नसते, त्यांची झोप झालेली नसते. एक जादा खोली की प्रवासातली चाळीस मिनिटे वाचणे, असा पेच पडला आणि घरात दुखणाईत माणूस असेल, तर माझे मत लहान पण जवळच्या घराच्या बाजूने पडते. हे मत सर्वांना पटत नाही, हेही मला ठाऊक आहे.

प्रवासाचा विचार वृद्धांच्या स्वतःच्या प्रवासासाठीही करावा. परळच्या टाटा रुग्णालयात किंवा केईएममध्ये तपासणीसाठी महिन्यातून एकदा जावे लागणारे कितीतरी जण या पट्ट्यात राहतात. त्यांच्यासाठी स्थानक किती जवळ यापेक्षा लोकल तेथूनच सुटते का, हे महत्त्वाचे. कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा येथून काही गाड्या सुटतात आणि रिकाम्या गाडीत बसायला मिळते. मधल्या स्थानकावर सत्तरीच्या माणसाने गर्दीत शिरायचे म्हणजे दिव्यच. कर्करोगाच्या रुग्णांना दिव्यांगांच्या डब्यातून प्रवास करता येतो, हे अजूनही अनेकांना माहीत नसते. आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे स्थानकाच्या पुलाला लिफ्ट किंवा सरकता जिना आहे का, आणि तो आपल्या बाजूला उतरतो का. कित्येकदा लिफ्ट पूर्वेला असते आणि घर पश्चिमेला.

रुग्णालयाचा रस्ता

‘जवळच मल्टिस्पेशालिटी हॉस्पिटल’ हे शब्द प्रत्येक माहितीपत्रकात असतात. पाटीवर काय लिहिले आहे याला रात्री दोन वाजता अर्थ नसतो. म्हणून दिवसाउजेडी त्या रुग्णालयात जावे, किंवा फोन करावा, आणि नेमके विचारावे. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाची अँजिओप्लास्टी रात्रीही होते का? सीटी स्कॅन रात्री होतो का, आणि पक्षाघाताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन येथे दिले जाते का? अतिदक्षता विभागात रात्री डॉक्टर हजर असतात की फोनवर?

या प्रश्नांमागे घड्याळ आहे. हृदयाची मुख्य रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली असेल तर रुग्ण सक्षम रुग्णालयात पोहोचल्यापासून ९० मिनिटांच्या आत ती उघडावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. अशी सोय असलेले रुग्णालय दोन तासांच्या आत गाठणे शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारे औषध जवळच्या रुग्णालयातच सुरू करून मग पुढे पाठवणे बहुधा हिताचे असते. त्यामुळे ईसीजी काढून ते औषध देऊ शकणारे एखादे लहान पण जागे रुग्णालय घरापासून पंधरा मिनिटांवर असणे ही मोठीच गोष्ट आहे. पक्षाघातात गुठळीचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्यापूर्वी स्कॅन व्हावा लागतो. साडेचार तास पुष्कळ वाटतात. पण चेहरा वाकडा झाल्याचे लक्षात येणे, मुलाला फोन, मुलगा येईपर्यंत थांबणे, मग घराजवळच्या डॉक्टरकडे जाणे, तिथून रुग्णालय, तिथे स्कॅन नाही म्हणून दुसरे रुग्णालय, यात ते सहज सरतात. म्हणून अशा वेळी माझ्यासारख्या घराजवळच्या डॉक्टरकडे आणू नये; जेथे स्कॅन होतो तेथेच थेट न्यावे. फोन करावा, आम्ही वाटेत बोलू.

मग रस्ता. लोहमार्गाने आपली सारी उपनगरे दुभंगलेली आहेत. रुग्णालय पूर्वेला आणि घर पश्चिमेला असेल तर मध्ये काय आहे, फाटक की पूल, आणि पूल एकच की दोन? कल्याणचा जुना पत्रीपूल २०१८ मध्ये पाडला आणि नवा २०२१ च्या जानेवारीत सुरू झाला. मधली दोन वर्षे पलीकडच्या वस्तीतून रुग्ण आणताना काय होत असे, ते मी पाहिले आहे. एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी सातच्या सुमारास, पाहिलेल्या घरापासून रुग्णालयापर्यंत रिक्षाने स्वतः जाऊन यावे आणि घड्याळ लावावे. रविवारी सकाळी अकराला घर पाहणाऱ्याला तो रस्ता कधी कळतच नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून आहे आणि ती विनामूल्य आहे. मात्र तिच्या चालकाला पत्ता सांगता यायला हवा. नव्या संकुलांत इमारतींना इंग्रजी फुलांची नावे असतात आणि फाटकावरच्या रखवालदाराला ती ठाऊक नसतात. हा विनोद नाही. संकुलाचे नाव, विंगचे अक्षर, मजला आणि जवळची ठळक खूण मोठ्या अक्षरांत लिहून दूरध्वनीजवळ चिकटवावी.

येथेच एक स्वप्न जरा बाजूला सारते. निवृत्तीनंतर नेरळ-कर्जतकडे झाडीत बंगला बांधून राहायचे, अशी इच्छा पुष्कळांची असते. साठीला ते रम्य असते. पंचाहत्तरीला, दोघांपैकी एकाची अँजिओप्लास्टी झालेली आणि दुसऱ्याला गाडी चालवायची बंदी, अशा स्थितीत ते एकाकी होते. जायचेच असेल तर जरूर जावे. पण शहरातले घर विकून नव्हे.

पाणी आणि धूर

उल्हास नदी आणि तिला मिळणारे नाले यांना आपण वर्षातले दहा महिने विसरतो. २६ जुलै २००५ च्या पुरात बदलापूर, उल्हासनगर, कल्याण येथील सखल भाग पाण्याखाली गेले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले. तरीही नदीकाठचे ‘रिव्हर व्ह्यू’ विकले जातातच.

जलसंपदा विभाग नद्यांसाठी पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पाहिलेली इमारत या रेषांच्या कोठे आहे, हे नगरपालिकेच्या नगररचना खात्यात विचारता येते. त्याहून सोपा मार्ग म्हणजे कोपऱ्यावरच्या जुन्या किराणा दुकानदाराला विचारणे. त्याने तांदळाची पोती किती वेळा उचलली, हे तो तारखांसकट सांगतो.

‘आम्ही सातव्या मजल्यावर आहोत, आम्हाला पुराचे काय,’ असे म्हणणाऱ्यांना माझा प्रतिप्रश्न असतो. मीटरची खोली आणि पाण्याचा पंप कोठे आहेत? ते तळमजल्यावर बुडाले की लिफ्ट बंद, नळाला पाणी नाही, फ्रिज बंद. सातव्या मजल्यावरचे आजोबा सुरक्षित असतात, पण अडकलेले असतात. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या रुग्णाला दोन दिवस घरात कोंडले जाणे जिवावर बेतू शकते. घरात ऑक्सिजनचे यंत्र असेल तर विजेचाही प्रश्न आलाच. आणि पूर ओसरल्यावर चिखलातून चाललेल्या माणसाला ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

धुराविषयी. या पट्ट्यात औद्योगिक वसाहती आणि लोकवस्ती एकमेकींना चिकटून वाढल्या आहेत. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी झालेले रासायनिक कारखान्यांतले स्फोट आपण विसरलेले नाही. स्फोट क्वचित होतात, वास मात्र नेहमीचा. ज्यांना दमा आहे किंवा विडी-सिगारेटने फुप्फुसे निकामी होत आली आहेत, त्यांनी कारखान्यांच्या वाऱ्याखालचे घर घेऊ नये, मग ते कितीही स्वस्त असो. हे दुपारी घर पाहून कळत नाही. थंडीच्या दिवसांत पहाटे पाच-साडेपाचला तेथे जाऊन उभे राहावे. हवा जड असते, धूर खाली बसलेला असतो, नाक लगेच सांगते. उघड्या नाल्याच्या काठाचे, डंपिंगच्या जागेजवळचे आणि शेजारी वर्षानुवर्षे बांधकाम चालणार असलेले घर यांनाही हाच नियम. बांधकामाच्या साठलेल्या पाण्यात डास होतात आणि हिवताप, डेंग्यू पाठोपाठ येतात.

पिण्याचे पाणी पालिकेचे आहे की टँकरचे, एवढे विचारले तरी पुरे. पाणी कूपनलिकेचे असेल तर प्रयोगशाळेतून एकदा तपासून घ्यावे.

इमारत

आमच्याकडच्या जुन्या चार मजली इमारतींना लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरचे घर स्वस्त मिळते, आणि पन्नाशीचे दांपत्य म्हणते, ‘चढू की, तेवढाच व्यायाम.’ गुडघे साठीनंतर मत बदलतात. माझ्या ओळखीच्या कितीतरी आजी अशा घरांत आहेत ज्या दिवाळी आणि गणपती सोडले तर खाली उतरत नाहीत. ऊन मिळत नाही, चालणे नाही, हाडे ठिसूळ होत जातात, आणि मग घरातल्या घरात पडून खुब्याचे हाड मोडते. हाड मोडलेल्या माणसाला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी तीन जिने उतरवायचे, हा प्रसंग मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिला आहे. लिफ्ट नसेल तर पहिल्या मजल्याच्या वर जाऊ नये. तळमजला चांगला, पण वर पुराविषयी लिहिले ते आठवून.

लिफ्ट असली तरी ती आतून पाहावी. रुग्ण बसलेली चाकांची खुर्ची आणि ढकलणारा माणूस तीत मावतात का? वीज गेल्यावर लिफ्टला जनरेटर आहे का, आणि तो खरोखर सुरू होतो का, हे विकणाऱ्याला न विचारता पाचव्या मजल्यावरच्या रहिवाशाला विचारावे. शिवाय लिफ्टपर्यंत पोहोचायलाच चार-पाच पायऱ्या चढाव्या लागतात का, तेही पाहावे. पायऱ्यांशेजारी उतार नसेल, कठडा नसेल, तर त्या चार पायऱ्याच माणसाला घरात बसवतात.

घरात शिरल्यावर दिवाणखाना न पाहता आधी स्नानगृह पाहावे. चाकांची खुर्ची साधारण ६० ते ७० सेंटिमीटर रुंद असते; स्नानगृहाचे दार त्याहून अरुंद असेल तर पुढे अडचण ठरलेली. दार आत उघडणारे असेल तर बाहेर उघडेल किंवा सरकेल असे करून घ्यावे, कारण आत पडलेली व्यक्ती दाराला अडून पडते आणि मग दार ढकलता येत नाही. उंबरठ्यासारखी ओटी, चकचकीत फरशी, फरशीच्याच रंगाची पायरी या तिन्ही गोष्टी मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना फसवतात. कमोडशेजारी आणि शॉवरखाली हात धरायला पक्के स्टीलचे दांडे बसवून घ्यावेत. भिंत विटांची आहे की पोकळ ठोकळ्यांची, हे मिस्त्रीला विचारावे, म्हणजे दांडा भार पेलेल. टॉवेलचा दांडा हा आधाराचा दांडा नव्हे. आईबाबांची खोली आणि स्नानगृह यांत रात्री किती पावले पडतात, ती मोजावीत. या साऱ्याला फार पैसा लागत नाही. घर ताब्यात आल्यावर, सामान येण्यापूर्वी आठवडाभरात ते होते. नंतर होत नाही.

माणसे

गिरगावातल्या चाळीत चाळीस वर्षे काढलेले एक गृहस्थ मुलाबरोबर नव्या संकुलात राहायला आले. पोस्टातून निवृत्त, प्रकृती ठणठणीत. तीन महिन्यांत त्यांचे वजन पाच किलोंनी उतरले. मी थायरॉइड तपासले, साखर तपासली, छातीचा एक्स-रे काढला, सर्व ठीक. "काका, दिवसभर काय करता?" असे विचारले तेव्हा ते म्हणाले, "दार लावून बसतो. इथे सगळ्यांचीच दारं बंद असतात हो." वृद्धापकाळातले नैराश्य पुष्कळदा रडत येत नाही. ते भूक जाणे, पहाटे तीनला जाग येणे, अंग दुखणे या रूपांत येते, आणि घरचे म्हणतात, वय झाले. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

त्या काकांना औषध दिले, आणि त्यांच्या मुलाला सांगून त्यांचे नाव कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात घातले. ही संस्था १८६४ सालची आहे आणि वर्तमानपत्रे चाळायला येणारी मंडळी तेथे नेहमी असतात. आता ते रोज रिक्षाने येतात. मुलाने घर स्थानकापासून आणखी दोन किलोमीटर आत घेतले असते तर हे जमले नसते. म्हणून घर पाहताना ज्येष्ठ नागरिक संघ कोठे भरतो, देऊळ, बाग किंवा बसायचा कट्टा चालत जाण्याच्या अंतरावर आहे का, आणि त्या वाटेवर पदपथ आहे का की ट्रक, हे पाहावे. औषधांचे दुकान, रक्त घ्यायला घरी येणारी प्रयोगशाळा, दिवसपाळीची आया मिळण्याची शक्यता या गोष्टी जुन्या वस्तीत सहज असतात. शेताच्या मधोमध उठलेल्या नव्या संकुलात त्या यायला पाच-सात वर्षे लागतात. पंचाहत्तरीच्या माणसाला पाच-सात वर्षे म्हणजे किती, याचा विचार गुंतवणूक म्हणून घर घेणाऱ्यांनी करावा.

घरात स्मृतिभ्रंशाची सुरुवात असलेले कोणी असेल तर अधिक जपावे लागते. जुन्या घरात ही माणसे सवयीच्या बळावर व्यवस्थित वावरतात. नव्या घरात रात्री उठून स्नानगृहाऐवजी बाहेरच्या दाराकडे जातात, संकुलातल्या एकसारख्या इमारतींत वाट चुकतात. घर बदलायचेच असेल तर आजार पुढे सरकण्यापूर्वी बदलावे. त्यांची खाट, कपाट, देव्हारा, भिंतीवरचे घड्याळ जुनेच आणावे आणि खाटेची बाजूही तीच ठेवावी. स्नानगृहात रात्रभर मंद दिवा असावा. खिशात फोन नंबर असलेले कार्ड ठेवावे. आणि स्थलांतरानंतर चार-आठ दिवसांत एकाएकी भ्रम वाढला, तर तो नव्या घराचा परिणाम समजून थांबू नये. मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठ, शरीरातले पाणी कमी होणे अशी कारणे तपासून घ्यावीत.

नाव कोणाचे?

हा विषय डॉक्टरचा नव्हे, असे आपण म्हणाल. परंतु झोपेची गोळी मागायला येणाऱ्या वृद्धांपैकी काहींची झोप याच कारणाने गेलेली असते. जुनी खोली आईवडिलांची, तिचे पैसे नव्या घरात गेले, कर्ज मुलाच्या नावावर, म्हणून करारनामाही मुलाच्याच नावावर. बँक आणि एजंट यांच्या दृष्टीने ते सोपे असते. पुढे संबंध बिघडतातच असे नाही. पण ‘हे घर आपले नाही’ ही जाणीव वृद्धांना आतून पोखरते. ती मागायची कशी, हे त्यांना कळत नाही, आणि मुलाला ते सुचलेले नसते. आईवडिलांचा पैसा असेल तर करारात त्यांचे नाव असावे. बक्षीसपत्र करणार असाल तर शेवटपर्यंत सांभाळ करण्याची अट त्या दस्तात स्पष्ट लिहून घ्यावी. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायद्याच्या कलम २३ नुसार, अशी अट पाळली गेली नाही तर हस्तांतर रद्द करून घेण्यासाठी प्रांताधिकाऱ्यांसमोरील न्यायाधिकरणाकडे जाता येते. मात्र अट लिहिलेली असावी, तोंडी वचनावर विसंबू नये. वकिलाची एका बैठकीची फी यासाठी द्यावी. प्रकल्प महारेराकडे नोंदलेला आहे का आणि तयार इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे का, हेही त्याच वकिलाकडून पाहून घ्यावे.

मुलांनो, हा परिच्छेद आपल्यालाही उद्देशून आहे. विषय आपणच काढावा. आईबाबा काढणार नाहीत.

आधी राहून पाहा

शक्य असेल त्यांना मी एक सल्ला देते. ज्या भागात घर घ्यायचे आहे तेथे अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहावे, आणि त्या अकरा महिन्यांत पावसाळा येईल असे पाहावे. भाड्याचे पैसे वाया गेले असे वाटते खरे. पण सासूबाईंना तेथे शेजार मिळतो का, सातची लोकल झेपते का, वीज किती वेळा जाते, आया टिकते का, या सगळ्यांची उत्तरे एका हंगामात मिळतात. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने असे करून पाहिले आणि बदलापूरचा बेत सोडून अंबरनाथला, स्थानकाजवळ, एक खोली कमी असलेले घर घेतले. दुसऱ्या एका कुटुंबाने तसेच राहून पाहून बदलापूरलाच घर घेतले, आणि त्या घरातल्या आजींनी संकुलात भजनी मंडळ काढले आहे. गुरुवारी त्या रक्तदाब दाखवायला येत नाहीत, वेळ नसतो.

भाड्याने राहणे जमत नसेल तर निदान टोकनची रक्कम देण्यापूर्वी एकदा आईबाबांना घर पाहायला न्यावे. रिक्षाने न्यावे, कारण पुढे ते रिक्षानेच फिरणार आहेत. त्यांना फाटकापासून दारापर्यंत स्वतः चालू द्यावे, हात धरू नये, फक्त बरोबर असावे. कोठे थांबतात, कोठे भिंतीला हात लावतात, ते पाहावे. तेथील स्नानगृह वापरायला सांगावे. मग गॅलरीत किंवा खिडकीशी एक खुर्ची मागून घेऊन अर्धा तास बसू द्यावे आणि आपण बोलू नये. त्यांना काय दिसते, काय ऐकू येते, ते त्यांचे त्यांना कळेल. परतताना विचारावे. पहिले उत्तर ‘तुम्हाला आवडलं ना, मग झालं’ असेच येईल. दुसऱ्या दिवशी जेवताना पुन्हा विचारावे. आणि त्या दिवशी निघताना पाण्याची बाटली, खायला काहीतरी आणि दुपारची गोळी बरोबर घ्यावी.